धुरकट की करपट? कडक स्कॉच एल चाखताना

ज्या घरात वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजली जातात, त्या घरच्या माणसाला धूर ओळखायला शिकवावं लागत नाही. भरताचं वांगं गॅसवर भाजलंय की चुलीत, हे पहिल्या घासाला सांगणारी माणसं वऱ्हाडात घरोघरी सापडतील. तुराट्यांचा धूर, गोवरीचा धूर, बाभळीच्या निखाऱ्याचा धूर, यांतला फरकही त्यांना कळतो. पण स्कॉटलंडच्या धाटणीची कडक, गडद एल पुढ्यात आली की हेच नाक फसतं. एक जण म्हणतो, "भाऊ, मस्त धुरकट हाय." दुसरा म्हणतो, "धुरकट कायची, करपली हाय ते." आणि पुष्कळदा दोघांचंही चुकलेलं असतं.

कारण या एलमध्ये जो 'धूर' लागतो, तो बहुतेक वेळा धूर नसतोच.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. आपल्याकडच्या दुकानात मिळते ती जवळजवळ सगळी लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेली, हलकी, फिकट बिअर. एल वेगळ्या जातीच्या यीस्टने, त्याहून उबदार तापमानाला आंबते. एलमधला स्कॉटलंडचा सगळ्यांत दांडगा प्रकार म्हणजे स्कॉच एल, उर्फ 'वी हेवी'. स्कॉट बोलीत 'वी' म्हणजे लहान. ही एल जड, पण यायची छोट्या बाटलीत, साधारण १७० मिलीच्या. त्यावरून हे नाव. प्रेस्टनपॅन्स गावच्या फाउलर यांच्या भट्टीने ते घराघरांत पोचवलं. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये एलची ताकद पिंपाच्या किमतीवरून सांगत: ६० शिलिंगची (शिलिंग म्हणजे तेव्हाचं ब्रिटिश नाणं) हलकी, ८० शिलिंगची मध्यम, आणि त्याच्या बऱ्याच वर गेली की ती ही.

आकड्यांत सांगायचं तर वी हेवीत मद्यार्क साधारण ६.५ ते १० टक्के असतो. आपल्याकडच्या 'स्ट्राँग' बिअरची कायद्याने ठरलेली कमाल मर्यादा ८ टक्के आहे, म्हणजे ताकदीत फार अंतर नाही. अंतर आहे ते अंगात. पाण्याची घनता १.००० धरली, तर हिचा न आंबलेला गोड रस १.०७० ते १.१३० भरतो आणि आंबून झाल्यावरही १.०१८ ते १.०४० उरतो. म्हणजे बरीचशी साखर यीस्टने खाल्लेलीच नसते. १.०८०ला सुरू होऊन १.०२२ला थांबलेली एल साधारण ७.६ टक्क्यांची होते. दोन आकड्यांतला फरक घ्या, १३१ने गुणा, झालं. आपल्याकडची स्ट्राँग घशाखाली जाताना पातळ आणि कोरडी लागते. ही जिभेवर बसते, ओठांना किंचित चिकटते. कडवटपणा कमी असतो, तोही फक्त गोडी आवरण्यापुरता.

आता धुराकडे. तो तीन वाटांनी येतो आणि तिन्ही वाटा नाकाने वेगळ्या करता येतात.

पहिली वाट भाजलेल्या जवाची. या एलमध्ये फिकट माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, जवळजवळ सगळेच. त्यात जेमतेम एक-दोन टक्के जव काळे होईस्तोवर भाजून घालतात. एवढ्याने रंग तांबूस-तपकिरी होतो आणि घोटाच्या शेवटी एक कोरडी, कॉफीसारखी, जराशी राखेकडे झुकणारी चव येते. ती गोडीच्या मागून येत असल्यामुळे मेंदू तिला 'धूर' म्हणून मोकळा होतो. फुटाणे फोडताना काही दाणे जास्त लागतात, त्यांचा वास आठवा. तोच हा.

दुसरी वाट आटवण्याची. माल्ट गरम पाण्यात भिजवून जो गोड रस निथळतो त्याची पहिली धार सगळ्यांत दाट असते. (आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हटलं की मोहाची आठवते, तिथे ती धार वाफेची असते, इथे साध्या निथळलेल्या रसाची. कडक माल मात्र दोन्हीकडे पहिल्याच धारेतून यावा, हा योगायोग गोड आहे.) काही ठिकाणी ही धार वेगळ्या भांड्यात घेऊन चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवतात आणि मग उरलेल्या रसात परत मिसळतात, काही ठिकाणी सगळाच रस तास-दोन तास जास्त उकळतात. गुऱ्हाळावर काहिलीच्या कडेला जो रस लागतो, किंवा पेढ्याचं दूध आटवताना कढईला जी खरवड धरते, तीच चव या एलमध्ये उतरते. काकवी, खरवड, जळायच्या बेतात आलेला पाक. हा गोडच वास, पण त्याच्या टोकाला जळकी किनार असते, आणि धूर शोधणारं नाक त्या किनारीलाच पकडतं.

तिसरी वाट खऱ्या धुराची, आणि इथे मोठा गैरसमज आहे. स्कॉटलंड म्हटलं की आयला बेटावरची पीटच्या धुराची व्हिस्की डोळ्यांसमोर येते. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजत, दबत गेलेलं शेवाळ आणि गवत. त्याच्या विटा कापून, वाळवून जाळतात. बेटांवर आणि डोंगराळ मुलखात दुसरं जळण नव्हतं, म्हणून तिथल्या व्हिस्कीच्या माल्टला पीटचा धूर बसला. एलच्या मोठ्या भट्ट्या मात्र एडिनबरा, अ‍ॅलोआ अशा सखल भागात होत्या. तिथे कोळसा हाताशी होता आणि माल्ट कोकच्या, म्हणजे भाजून धूर काढून टाकलेल्या दगडी कोळशाच्या, बिनधुराच्या आचेवर वाळवत. म्हणजे परंपरेने वी हेवीत पीट नाही. डनबारची बेलहेवन भट्टी १७१९पासूनची. ट्रॅक्वेअर हाउस या जुन्या वाड्याने १९६५मध्ये आपली जुनी भट्टी परत पेटवली आणि ७.२ टक्क्यांची एल ओकच्या पिंपात आंबवायला घेतली. या घराण्यातल्या एलची ओळख धुराने नाही, माल्टने होते.

मग पीटच्या धुराची स्कॉच एल आली कुठून? मुख्यतः अमेरिकेतल्या छोट्या भट्ट्यांकडून. स्कॉटलंड म्हणजे पीट असं समीकरण मांडून त्यांनी व्हिस्कीचं माल्ट एलमध्ये घातलं. बिअर स्पर्धांसाठी परीक्षक ज्या नियमावलीला धरून चालतात, ती आता स्पष्ट म्हणते की हे अस्सल नव्हे, आणि धुराची एल वेगळ्या गटात उतरवा. आमचं मत थोडं सैल आहे: अस्सल नसली तरी चांगली केलेली असेल तर प्यायला हरकत नाही. अट एवढीच, की पीटचं माल्ट शेकडा दोन-तीनच्या पलीकडे गेलं की एल संपते आणि औषध सुरू होतं. जर्मनीत बांबर्गला बीच लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची बिअर करतात. ते माल्ट शंभर टक्के घातलं तरी चालतं, कारण तो धूर मऊ आहे. पीटला ती सवलत नाही.

का नाही, हे वासातच कळतं. लाकूड जळताना त्यातलं लिग्निन फुटून ग्वायाकॉलसारखी द्रव्यं निघतात. त्यांचा वास गोडसर, खमंग, निखाऱ्यावर चरबी ठिबकल्यावर येतो तसा. पीटच्या धुरात त्याखेरीज क्रेसॉल आणि फिनॉलही डोकं वर काढतात. त्यांचा वास आपल्याला स्वयंपाकघरातून माहीत नाही, पण गावातून माहीत आहे: दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीतलं आयोडीन, रस्त्यावर तापवलेलं डांबर, रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांना उन्हात सुटणारा क्रिओसोटचा दर्प. भरताचा धूर शोधत बसाल तर पीट हातात येणार नाही. स्लीपर आठवा, लगेच सापडेल.

नाक तयार करायला बिअर लागत नाही. वर्ध्यात बसूनही हा सराव करता येतो. किराण्यातून पावशेर जव आणा. मूठभर लोखंडी कढईत मंद आचेवर जवळजवळ काळे होईपर्यंत भाजा. धूर निघायला लागला की उतरवा, नाहीतर नुसता कोळसा होईल. थंड झाल्यावर भरड कुटा. एक चमचा, साधारण ५ ग्रॅम, २०० मिली गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून गाळून घ्या. हा पहिला कप, भाजलेल्या जवाचा. दुसऱ्या कपात २०० मिली पाण्यात एक चमचा काकवी. तिसऱ्यासाठी बाभळीचा छोटा निखारा पाटीवर ठेवून त्यावर त्याच लाकडाची ढलपी टाका आणि धूर सुटला की काचेचा ग्लास १५-२० सेकंद पालथा धरा. मग लगेच सरळ करून त्यात गार पाणी ओता आणि वर बशी झाका. मिनिटाभराने तिन्ही कप डोळे मिटून हुंगा, कोणाला तरी जागा बदलायला सांगा, परत हुंगा. तीन-चार फेऱ्यांत फरक पक्का बसतो. चौथा वास पीटचा. त्याला घरगुती पर्याय नाही. कोणाकडे पीटच्या धुराची व्हिस्की असेल तर साध्या गडद बिअरच्या २०० मिलीमध्ये तिचे दहा थेंब टाकून पाहा. अर्धा मिलीसुद्धा भरत नाही, पण सगळा ग्लास ताब्यात घेते.

आता खरी बाटली. तालुक्याच्या दुकानात ती मिळेल अशी आशा धरू नये. बाहेरगावाहून येणारं कोणी आणतं, किंवा शहरातून शोधून आणावी लागते. आणताना दोन गोष्टी पाहा. एक, वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे (चंद्रपुरातली २०१५ची बंदी २०२१मध्ये उठली). नागपूर-अमरावती महामार्ग कारंजा-तळेगावमार्गे वर्धा जिल्ह्यातूनच जातो, आणि नागपूरहून यवतमाळकडे जातानाही मध्ये वर्धा लागतंच. पिशवीतली बाटली कायद्याने कुठे अडते ते आधी समजून घ्या, आणि पिण्याचा परवाना जवळ असू द्या. दुसरी गोष्ट ऊन. बिअर खराब करणाऱ्या प्रक्रियांचा वेग ढोबळमानाने दर १० अंशांना दुप्पट होतो. ५ अंशांच्या फ्रिजच्या जागी ४५ अंशांच्या टिनाखाली ठेवली तर चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळापट. मे महिन्यातला एक महिना हा फ्रिजमधल्या सोळा महिन्यांइतका. कडक, गडद एल हलक्या बिअरपेक्षा जास्त टिकते हे खरं. पण टिनाखाली कोणीच टिकत नाही, माणूससुद्धा.

घरी आल्यावर बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उभी ठेवा, आडवी नको, आणि निदान एक रात्र हात लावू नका. खड्ड्यांतून आलेली बाटली लगेच उघडली तर अर्धी एल जमिनीवर जाते. शिवाय तळाशी यीस्टचा साका असेल तर तो बसायला वेळ हवा. ओतताना शेवटचा एक-दीड सेंटिमीटर बाटलीतच राहू द्या.

प्यायचं तापमान १० ते १३ अंश. इथे जवळपास सगळे चुकतात. आपल्याला बिअर म्हणजे बर्फासारखी गार हेच माहीत; पण ४ अंशांना या एलचा वास बाहेरच येत नाही. गोडी दबते, जव कडू होतात आणि उरते ती फक्त एक गार राखट चव. 'करपली हाय' म्हणणारे बहुधा ४ अंशांची पीत असतात. डिसेंबर-जानेवारीत काही करावं लागत नाही. विदर्भात रात्रीचा पारा ८ ते १२ अंशांवर येतो. संध्याकाळी बाटली अंगणात ठेवली की जेवणापर्यंत तयार. उन्हाळ्यात उलटी कसरत: फ्रिजमधून काढून ग्लासात ओता आणि सात-आठ मिनिटं थांबा, ३८-४० अंशांच्या खोलीत तेवढ्यात ती जागेवर येते. वीज गेलेली असेल तर बादलीत अर्धं बर्फ, अर्धं पाणी. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. नुसत्या माठाच्या पाण्यात काम भागत नाही, पावसाळ्याच्या दमट हवेत तर मुळीच नाही.

ग्लास कोणता? पोट फुगलेला, तोंड आवळलेला. ब्रँडीचा असेल तर उत्तम. नसेल तर चहाचा काचेचा छोटा ग्लास अर्धा भरून वर तळहात झाकायचा आणि हुंगताना काढायचा. स्टीलचा पेला नको: रंग दिसत नाही आणि वास पसरून जातो. ग्लास धुण्यावर जरा जास्त बोलायला हवं. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस ओतता ओतता मरतो, आणि काचेच्या आतल्या अंगाला बुडबुडे चिकटून बसतात. गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुवा, खळखळून विसळा, पालथा घालून निथळू द्या. फडक्याने पुसू नका, फडक्याला फोडणीचा वास असतो. ग्रामपंचायतीने विहिरीत नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर त्या पाण्याने विसळलेल्या ग्लासाला क्लोरीनचा वास राहतो, आणि तो या एलच्या एका खऱ्या दोषासारखाच लागतो. शेवटचं विसळणं उकळून गार केलेल्या पाण्याने करा.

बसायची जागा हीसुद्धा अवजारासारखीच निवडावी लागते. कूलरसमोर बसून चाखणं म्हणजे पंख्याखाली रांगोळी काढणं. झोत वास उडवून नेतो, आणि खसाच्या ताट्या असतील तर सगळी एल वाळ्याच्या सरबतासारखी वाटायला लागते. चूल पेटलेल्या घरात धूर चाखायला बसू नये. नाक एकाच वासाला पाच-सात मिनिटांत बधिर होतं, आणि तो वास नेमका धूर असेल तर ग्लासातला धूर सापडणार नाही. हुरड्याच्या दिवसांत ही एल शोभते खरी, पण आगटीपासून लांब, वारा येतो त्या बाजूला बसा. आणि खर्रा. तोंडात सुपारी-चुन्याचा तुरटपणा असेल तर कोणतीही चव मिळत नाही. चाखायच्या आधी दोन तास खर्रा बंद ठेवणं जमत नसेल त्याने बाटली दुसऱ्याला द्यावी.

एका ३३० मिलीच्या बाटलीत तीन-चार माणसं चाखू शकतात. प्रत्येकी ८० ते १०० मिली. ग्लास जरासा तिरपा धरून ओता, शेवटी सरळ करा, बोटभर फेस आला पाहिजे. आधी उजेडाकडे धरून पाहा. रंग तांब्यापासून गडद तपकिरीपर्यंत, कडेला माणकासारखी लाल झाक. काळी कुळकुळीत असेल तर जव जास्त झालेत. ती पोर्टरच्या, म्हणजे काळ्या बिअरच्या, घरात गेली.

मग वास. पहिला वास लांबून, ग्लास नाकापासून चार बोटं ठेवून, एकच. हा पहिला वास सगळ्यांत खरा असतो, कारण नाक अजून ताजं असतं. धुराचं माल्ट घातलं असेल तर ते इथेच, माल्टच्या आधी, समोर येऊन उभं राहतं. मग ग्लास गोल फिरवून दोन-तीन छोटे हुंगे, एकदम लांब श्वास नाही. नाक थकलं की स्वतःच्या कोपराचा वास घ्या. हसू येईल, पण उपयोग होतो.

घोट लहान, १०-१५ मिली. चार-पाच सेकंद तोंडात फिरवा, गिळा, आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. घशाच्या मागून नाकात जाणारा वास हीच खरी परीक्षा. आता काळ मोजा. धूर पहिल्या वासापासून घोटाच्या शेवटापर्यंत सलग राहिला, तर तो खऱ्या धुराच्या माल्टचा. वासात नव्हता, घोटाच्या सुरुवातीला काकवी आणि खारीक लागली आणि गिळून झाल्यावर जीभ कोरडी पडता पडता उगवला, तर तो भाजलेल्या जवाचा. मधल्यामध्ये, गोडीला चिकटून आला आणि गोडीबरोबरच गेला, तर ती आटवलेल्या रसाची खरवड. हा एक नियम हाताशी असला तरी दहातल्या आठ बाटल्यांचा निकाल लागतो.

ग्लास पंधरा मिनिटांत १६ अंशांपर्यंत चढेल. पाच-पाच मिनिटांनी परत चाखा. चांगली एल उबदार होताना उलगडते. मनुका येतात, वाळवलेल्या मोहफुलांसारखा गोड-आंबूस वास येतो, मद्यार्काची छातीत हलकी ऊब लागते. वाईट एल उबदार होताना उघडी पडते.

दोषांपैकी धुराशी गल्लत होणारे तीन. पहिला लवंगेचा: नको असलेलं यीस्ट शिरलं की लवंग-मसाल्यासारखा वास येतो. गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये तो हवाहवासा, इथे नको. एलचं साधं यीस्टही जास्त गरम आंबवलं तर उग्र, झोंबणारी दारू देतं. म्हणून स्कॉटिश पद्धतीत १३ ते १६ अंश, म्हणजे एलसाठी बरंच थंड ठेवतात. दुसरा क्लोरीनचा: पाण्यातलं क्लोरीन माल्ट-यीस्टच्या फिनॉलशी जुळलं की चिकटपट्टीसारखा, औषधी वास तयार होतो. अगदी सूक्ष्म प्रमाणातही कळतो. नवखे याला हमखास पीट समजतात. ओळखायची खूण ही, की पीटच्या औषधी वासाबरोबर माती आणि राख असते. याच्याबरोबर काहीच नसतं, नुसतं प्लॅस्टिक. तिसरा खरोखर करपल्याचा: आटवताना रस भांड्याच्या बुडाला लागला की घशाला धरणारी, तिखट राख येते, बुडाला लागलेल्या वरणासारखी. ती कशानेच जात नाही, आणि त्या बाटलीपुरता 'करपली हाय' म्हणणारा बरोबर असतो.

बाकीचे दोष उष्णतेचे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला की ती तापली किंवा हवा लागली. जुन्या शेरी वाइनसारखी झाक थोडी असेल तर या प्रकारात शोभते. सोया सॉससारखी खारट-मांसल चव आली तर तळातलं यीस्ट मरून फुटलंय. उन्हाळ्यात टिनाखाली राहिलेल्या बाटलीचा हा ठरलेला शेवट. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेच्या बाटलीला ऊन लागलं तर हॉप्समधून, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधून, उग्र, रानमांजरासारखा दर्प सुटतो. तपकिरी काच बरीचशी वाचवते.

सोबत काय खावं? सावजी मटण नको. मद्यार्क आणि बुडबुडे दोन्ही तिखटाची आग वाढवतात, आणि तर्रीपुढे एलची बारीक चव टिकतच नाही. ठेचाही नको. रोडगे आणि वरण, वर साजूक तूप: गोवरीत भाजलेल्या रोडग्याचं कवच आणि एलमधले भाजलेले जव एकमेकांना ओळखतात. भरीत कमी तिखटाचं असेल तर उत्तम, पण पीटच्या धुराच्या एलबरोबर नाही. दोन वेगळे धूर एका ताटात आले की दोन्ही घाण लागतात. निखाऱ्यावरचं मक्याचं कणीस, खरपूस भाजलेले शेंगदाणे, पुरणाची पोळी चालते. संत्रा बर्फी मात्र अनपेक्षितपणे जुळते, कारण सालीचा किंचित कडूपणा काकवीची गोडी कापतो. घोटांच्या मध्ये तोंड साफ करायला ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा आणि साधं पाणी. बर्फाचं नको, जीभ बधिर होते.

प्रमाणाचा हिशेब डोक्यात ठेवा. ८ टक्क्यांच्या ३३० मिली बाटलीत साधारण २१ ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे ३० मिलीचे दोन पेग. गोडीमुळे ते जाणवत नाही, हाच हिचा कावा. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि एकट्याने संपवलेली एक बाटली सत्तर किलोच्या माणसालाही तिच्या पलीकडे नेऊ शकते. चाखायला बसायचं तर मोटरसायकलची चावी आधीच घरात टांगलेली बरी.

आणि ग्लास लगेच धुवायला टाकू नका. रिकामा करून वीसेक मिनिटं तसाच ठेवा, मग वाळलेल्या तळाचा वास घ्या. भाजलेल्या जवाचा ग्लास कोको आणि बिस्किटासारखा येतो, आटवलेल्या रसाचा काकवीसारखा. धुराचं माल्ट असेल तर बाकी सगळं उडून गेलेलं असतं आणि तळाशी फक्त धूर उरलेला असतो, विझलेल्या आगटीच्या दुसऱ्या दिवशीच्या वासासारखा. पहिल्या वासाला ज्यांचं एकमत झालं नव्हतं त्यांनी हा ग्लास एकमेकांच्या हातात द्यावा.